पडद्यावरून वास येत नाही

नसरापूरच्या आठवडे बाजारात तांदूळ घेण्याची एक रीत आहे. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला आत वळले की थोड्याच वेळात ही बाजारपेठ लागते. वेल्ह्याच्या अंगाने, म्हणजे मार्गासनी, विंझरकडून आलेल्या बायका पोत्याचे तोंड खाली दुमडून बसलेल्या असतात. गिऱ्हाईक वाकते, मूठभर तांदूळ उचलते, तळव्यांत चोळते आणि नाकाशी नेते. मग एक दाणा दाताखाली धरते. कट्कन तुटला तर चांगला वाळलेला आहे, दबला तर ओल राहिली आहे. मूठ पुन्हा पोत्यात सोडली की तळव्याकडे पाहायचे. किती पूड लागली, किती कणी चिकटून राहिली, ते तिथे दिसते. "हुंगून बघा ताई, घरचा हाय," एवढेच विकणारी म्हणते. त्यानंतर दोन प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या गावचा? आणि कुठल्या गिरणीत भरडला? गावाचे नाव कळले की अर्धी ओळख पटते, कारण गिऱ्हाइकाच्या भावकीतली एखादी मुलगी त्या गावात दिलेली असते, नाहीतर त्या गावची सून घरात आलेली असते.

हे सगळे दोन मिनिटांत उरकते. तेवढ्यात डोळे, नाक, दात, बोटे आणि सोयरीक अशा पाच ठिकाणांहून माहिती गोळा झालेली असते.

आता हाच तांदूळ पुण्यात किंवा ठाण्यात बसून मोबाइलवर मागवू. समोर एका पिशवीचा फोटो येतो. त्यावर डोंगर आणि भाताची लोंबी, "१०० टक्के अस्सल आंबेमोहोर" ही ओळ, किंमत, आणि खाली साडेचार तारे. नाक, दात आणि बोटे तिन्ही बाद झाली. सोयरीक तर नाहीच. स्क्रीनला मराठीत पडदा म्हणतात. वस्तू दाखवणारा पडदा आणि वस्तू झाकणारा पडदा यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, आणि या प्रकरणात मला नेमके त्या दोन पडद्यांविषयी सांगायचे आहे.

विकणाऱ्याला मालाबद्दल जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, याला अर्थशास्त्रात असममित माहिती म्हणतात. मी साधेपणाने माहितीची विषमता म्हणेन. ही विषमता समजून घ्यायला भोर-वेल्हे निवडले, कारण इथे तांदळाचा सगळा प्रवास एका दिवसात पायी-गाडीने पाहता येतो. खाचर, खळे, गिरणी, बाजार आणि शेवटी शहरातला मोबाइल. बारा मावळांतले हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे या दोन तालुक्यांत येते. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली, पण बोलण्यात अजून वेल्हेच आहे. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत ही धरणे इथलीच. त्यांचे बरेचसे पाणी खाली, सपाटीला जाते. वरच्या वाड्यांना पावसावरचा भात उरतो, आणि म्हणून त्या भाताला दर काय मिळतो हा इथे जगण्याचा प्रश्न आहे.

*

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या तरुण अमेरिकी अर्थतज्ज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. फसवी निघालेली जुनी गाडी म्हणजे तिकडच्या बोलीत "लेमन", लिंबू. गाडी कशी आहे हे मालकाला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. मग अशा बाजाराचे काय होते, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता. २००१ मध्ये अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, ते या विषयावरच्या कामासाठी.

त्या निबंधाची आठवण मोटारींसाठी काढली जाते. मला मात्र त्यातले एक वाक्य महत्त्वाचे वाटते, कारण ते भारतातल्या तांदळाबद्दल आहे. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. त्यांनी लिहिले की इथल्या गृहिणीला बाजारातून आणलेला तांदूळ नीट निवडावा लागतो, कारण त्यात तांदळाच्याच रंगा-आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात. आपल्या आया-आज्या दुपारभर ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसायच्या, तो वेळ कुठल्याही हिशेबात धरला गेला नाही. विक्रेत्याने लपवलेली माहिती त्या बायका बोटांनी शोधून काढत होत्या. माहितीच्या विषमतेची किंमत कोणी चुकवली याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

अकरलॉफ यांचा मुद्दा तांदळाच्याच आकड्यांत मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा मोबाइलवर आंबेमोहोर नावाच्या शंभर पिशव्या आहेत. पन्नास खऱ्या, पन्नास नुसत्या नावाच्या. खऱ्या तांदळाला गिऱ्हाईक किलोला १२० रुपये आनंदाने देईल, आणि शेतकऱ्याला १०० च्या खाली परवडत नाही. नावाच्या तांदळाची गिऱ्हाइकाच्या लेखी किंमत ६० आहे, आणि तो विकणाऱ्याला ४५ मिळाले तरी चालतात. दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात, तेव्हा गिऱ्हाईक मधला दर धरते, ९० रुपये. नव्वदीत नावाच्या तांदळाचा व्यापारी खूश होतो, आणि खरा आंबेमोहोर पिकवणारा पोते घरी परत नेतो. आता बाजारात उरल्या त्या नावाच्याच पिशव्या. थोड्या दिवसांत गिऱ्हाइकालाही ते कळते आणि दर साठावर येतो. खरा माल देणारा शेतकरी होता, खरा दर देणारे गिऱ्हाईकही होते, तरी दोघांची गाठ पडली नाही. इथे कोणाचा खोटेपणा पकडला जाण्याचाही प्रश्न आला नाही. बाजार आपसूक खराब मालाकडे घसरला.

*

आंबेमोहोराच्या बाबतीत हे गणित कागदावरचे राहत नाही. आंब्याच्या मोहोराची आठवण करून देणाऱ्या वासावरून नाव पडलेला हा आखूड दाण्याचा तांदूळ पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या खाचरांत पिकत आला. मऊ शिजतो, म्हणून लहान मुलाच्या पेजेला आणि आजाऱ्याच्या भाताला घरोघर तोच लागायचा. पण पिकवणाऱ्यासाठी तो अवघड. उंच वाढतो आणि वाऱ्या-पावसात लोळतो. करपा रोगाला लवकर बळी पडतो. उत्पादन हेक्टरी दोन टनांच्या आतबाहेर. म्हणजे एकरी सुमारे आठ क्विंटल भात, आणि गिरणीत तूस-कोंडा निघून गेल्यावर हाती पाचेक क्विंटल तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण काढले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत आले. वासाचा, चिकट-मऊ शिजणारा आणि आंबेमोहोराच्या दुपटीहून जास्त पिकणारा. शेतकऱ्याने इंद्रायणी लावली यात त्याचे काही चुकले नाही. इंद्रायणी चांगला तांदूळ आहे आणि इंद्रायणी म्हणूनच विकला जावा इतका चांगला आहे.

तरीही ज्याला आंबेमोहोर टिकवायचा आहे त्याला दर किती हवा ते पाहा. राब भाजणे, तरवा टाकणे, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी. मजुरी दोन्ही वाणांना जवळपास तेवढीच. पीक निम्म्याहून कमी. म्हणजे दर दुपटीहून जास्त मिळाला तरच हिशेब जुळतो. तो दर देणारी माणसे शहरात आहेत, त्यांच्या हातात मोबाइल आहे, आणि मोबाइलवर आंबेमोहोर या नावाखाली आंध्राकडून येणारा जिरा शंकरसारखा बारीक वासाचा तांदूळही विकला जातो, असे वर्तमानपत्रांतून वेळोवेळी आले आहे. जिरा शंकरमध्येही काही वाईट नाही. त्याचे नाव त्याच्याजवळ राहू द्यावे, एवढेच.

शास्त्राला विचारावे तर तेही इथे लगेच धावून येत नाही. बासमतीला ज्या रसायनाने मुख्य वास येतो, दोन-असेटिल-एक-पायरोलीन, तेच आंबेमोहोरातही असते. ते उडून जाणारे आहे, म्हणून साठवणुकीत वास उतरतो. त्यामुळे वर्षभर पोत्यात राहिलेला खरा आंबेमोहोर शहरातल्या गिऱ्हाइकाला खोटा वाटू शकतो, आणि बाहेरून सुगंध मारलेला तांदूळ खरा. वाण पक्के ओळखायचे तर जनुकीय तपासणी करावी लागते, आणि पाच किलोच्या पिशवीसाठी ती कोणी करत नाही.

*

इथवर मी विकणारा जाणतो आणि घेणारा जाणत नाही असे धरून चाललो. पण वेल्ह्याचा शेतकरी जेव्हा व्यापाऱ्याला भात घालतो तेव्हा बाजू उलटते. त्याला आपला माल पुरेपूर कळतो, पण तो माल पुढे कितीला जाणार हे कळत नाही.

आपल्याकडे या अज्ञानावर एक अख्खी पद्धत उभी होती. तिला हत्ता म्हणत. आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकत आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवत. कोणते बोट म्हणजे किती, हे त्यांना ठाऊक. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असे, आणि कापडाखाली काय ठरले हे त्याला कळत नसे. आडत्या सांगेल तो भाव. रुमालाखालचा हा व्यवहार बंद करून उघड लिलाव आणायला कायदे करावे लागले, आणि त्या कामाची सुरुवात मराठी मुलखातूनच झाली. १८८६ मध्ये वऱ्हाडात कारंजा इथे नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. बाजार समित्यांबद्दल आज पुष्कळ तक्रारी आहेत, त्यातल्या कितीतरी रास्त आहेत. पण भाव सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला गेला पाहिजे, हा हक्क शेतकऱ्याला त्या कायद्यांनी दिला. तो लहान नव्हता.

मोबाइल आल्यावर पुष्कळांना वाटले की आता रुमाल कायमचा उडाला. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर तसे झालेही. रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आल्यावर तिथल्या मच्छीमारांचे काय झाले ते मोजले आणि २००७ मध्ये मांडले. होडीतूनच वेगवेगळ्या बंदरांवरचे भाव विचारता येऊ लागले, मासळी वाया जाणे थांबले, मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि तरीही खाणाऱ्यासाठी मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त झाली.

महाराष्ट्रात त्याच सुमारास, २००७ मध्ये, रॉयटर्सने शेतकऱ्यांना मोबाइलवर संदेशाने बाजारभाव आणि हवामान कळवणारी सेवा सुरू केली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी राज्यातल्या १०० गावांत तिचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरीने म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

दोन अभ्यासांची उत्तरे इतकी वेगळी का यावीत, यावर मी बराच विचार केला आहे, आणि मला भोर-वेल्ह्याच्या वाटा आठवतात. मच्छीमाराची होडी समुद्रात असते. भाव कळला की तो सुकाणू दुसऱ्या बंदराकडे फिरवू शकतो. डोंगरकुशीतल्या वाडीतल्या शेतकऱ्याकडे विकायला चार-सहा पोती असतात. पुण्यातला भाव कळला म्हणून चार पोत्यांसाठी टेम्पो करणे परवडत नाही. लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी ज्याच्याकडून उचल घेतली आहे, भात त्यालाच घालायचा असतो. माहिती हाती आली, पण तिच्यावर काही करण्याची वाट बंद आहे. गावोगाव इंटरनेट नेले की शेतकऱ्याचे भले होईल असे म्हणणाऱ्यांनी या वाटेचाही विचार करायला हवा. रस्ता, साठवण, उचल आणि वाहतूक यांच्यावाचून भाव कळून भागत नाही.

*

ऑनलाइन बाजाराने खरे तर ही वाट उघडायला हवी होती, आणि काही अंशी उघडलीही आहे. तीन पोती असली तरी पाच-पाच किलोंच्या पिशव्या करून कुरिअरने पाठवता येतात. पण या बाजारात शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये एक तिसरा बसलेला आहे, ज्याच्या मालकीचा हा पडदा आहे. शेतकऱ्याला तांदूळ कळतो. गिऱ्हाइकाला आपली गरज कळते. या तिसऱ्याला दोघांचीही माहिती असते: कोणत्या भागात आंबेमोहोर शोधला जातो, कितीला घेतला जातो, कोणत्या शब्दाने विकला जातो, कोण किती दरावर परत फिरतो. शोधल्यावर पहिल्या पानावर कोण दिसणार हे तोच ठरवतो. कोणते बोट दाबले ते विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही दिसत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ई-व्यापारावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेमक्या याच चिंता नोंदवल्या आहेत: शोधातला क्रम, मंचाकडे साठणारी विक्रीची माहिती, आणि गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांचा खरेखोटेपणा.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने ग्राहक संरक्षण कायद्याखाली ई-व्यापाराचे नियम आणले. ते प्रत्येक गिऱ्हाइकाने वाचावेत असे आहेत. विक्रेत्याचे नाव-पत्ता दिसला पाहिजे. मालाचा क्रम मुख्यतः कशावरून लागतो हे मंचाने सांगितले पाहिजे. विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिता कामा नये. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात झाले पाहिजे. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे नियम उपयोगाचे आहेत आणि मी ते वापरण्याच्या बाजूचा आहे. पण तांदळापुरती त्यात एक मोठी फट राहते. मालाचा मूळ देश सांगणे बंधनकारक आहे. तेव्हा पिशवीवर लिहिलेले असते, मूळ देश: भारत. वेल्ह्याचा आंबेमोहोर भारतातला, आणि आंध्रातला जिरा शंकरही भारतातला. माहिती खरी आहे, कायदेशीर आहे, आणि गिऱ्हाइकाला तिचा काडीचा उपयोग नाही.

ही फट बुजवण्यासाठी भौगोलिक निर्देशांक आहे. त्याचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून. आंबेमोहोराला आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही हा निर्देशांक मिळालेला आहे. मात्र निर्देशांक मिळाला म्हणजे पिशवीतला तांदूळ खरा ठरला असे होत नाही. त्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून शेतकऱ्याची स्वतंत्र नोंदणी असते, आणि गिऱ्हाइकाने विचारायचे ते त्या नोंदणीबद्दल. बासमतीसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२३ पासून मानके लागू केली: वास नैसर्गिकच हवा, बाहेरून सुगंध किंवा रंग लावलेला चालणार नाही, दाण्याची लांबी अमुक हवी. मावळच्या वासाच्या तांदळासाठीही असेच नेमके मानक व्हावे, अशी मागणी पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी मिळून करायला हवी.

*

मग ते साडेचार तारे? त्यांची जन्मकथा १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबेपर्यंत जाते. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी व्यवहार करावा यासाठी त्या मंचाने सुरुवातीच्या काळातच घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकमेकांबद्दल अभिप्राय लिहायची सोय दिली. ती कमालीची यशस्वी झाली. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला. एकाच विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डे काही आपल्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि तशीच काही नव्या, अनोळखी खात्यांवरून विकली. नावाजलेल्या खात्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. नावाला पैशात मोल आहे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाने आकड्यात दाखवले. आपल्याकडे लोकांना पैसे आधी द्यायची धास्ती होती, तेव्हा २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर पैसे द्यायची सोय आणली. पडद्यापलीकडच्यावर विश्वास बसावा म्हणून केलेली तीही एक तडजोडच.

तारे उपयोगी आहेत, पण ते देणाऱ्याला जेवढे कळते तेवढेच सांगतात. तांदळाखालचे अभिप्राय वाचून पाहा. वेळेवर आला, पिशवी फाटलेली नव्हती, दाणा पांढराशुभ्र आहे, छान मोकळा होतो. मोकळा होतो! आंबेमोहोर मऊ शिजतो, त्याची ओळखच ती. मोकळ्या भाताचे कौतुक करणाऱ्याने पाच तारे दिले ते मनापासून, पण त्यांनी वाणाबद्दल काही सिद्ध झाले नाही. ज्याने लहानपणी खऱ्या आंबेमोहोराचा भात रटरटताना हुंगलेला नाही, त्याला आपण फसलो हे कळणार कसे? तो तक्रार करणार नाही. खोटा अभिप्राय पकडता येईल. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले, जरी ते ऐच्छिक आहे. पण प्रामाणिक अज्ञानातून आलेल्या पाच ताऱ्यांवर कुठलेही मानक चालत नाही. या सगळ्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची. चव विसरली गेली की मग फसवणूक ही फसवणूक राहतच नाही, ती नवी चव होते.

इथे मायकेल स्पेन्स यांचा विचार कामाला येतो. खरा माल असणाऱ्याने आपला माल खरा आहे हे पटवायचे कसे? १९७३ च्या निबंधात त्यांनी नोकरीच्या बाजारासाठी दिलेले उत्तर तांदळालाही लागू पडते. खूण अशी हवी जी खऱ्याला परवडते आणि खोट्याला परवडत नाही. "१०० टक्के अस्सल" हे शब्द छापायला दोघांनाही सारखाच खर्च येतो, म्हणून त्यांना किंमत नाही. डोंगराचा फोटो कोणीही उचलून लावतो. पण पाव किलो नमुना आधी पाठवून, शिजवून पाहा मग मागणी द्या, असे म्हणणे खोट्याला महागात पडते. उघडलेली पिशवी परत घेण्याची तयारी त्याला परवडत नाही. गाव, खाचराचा गट क्रमांक, कापणीचे साल आणि गिरणी पिशवीवर छापणे त्याला धोक्याचे असते. एकाच फोन क्रमांकावर वर्षानुवर्षे सापडणे त्याला जमत नाही. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे "यंदाचा संपला" ही पाटी. एकरी पाचेक क्विंटल निघणारा तांदूळ बाराही महिने, मागाल तेवढा आणि स्वस्तात मिळत असेल, तर तो मुबलकपणाच सांगतो की आत काहीतरी वेगळे आहे.

अशा खुणा करणारे शेतकरी आणि बचत गट मावळपट्ट्यात आहेत. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ते मागणी घेतात. भीमथडी जत्रेसारख्या पुण्यातल्या प्रदर्शनांत गावोगावच्या बचत गटांच्या बायका माल घेऊन बसतात. तिथे गिऱ्हाइकाला हुंगायला, चाखायला मिळते, आणि ओळख झाली की पुढे फोनवर मागणी देता येते. म्हणजे पडदा वापरायचा, पण पहिली गाठ नाकाने पडू द्यायची. मला हा मार्ग सर्वांत पक्का वाटतो.

पैशाच्या बाबतीत मात्र या बायकांनाच सावध करायला हवे, कारण ऑनलाइन बाजारात विकणाराही फसतो. "माल घेतो, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका" असे सांगून विकणाऱ्याच्याच खात्यातून पैसे काढून घेतले जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे एक वाक्य प्रत्येक बचत गटाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावे.

भोर-वेल्ह्यातली दुसरी ऑनलाइन विक्री जमिनीची. राजगडाच्या पायथ्याशी, धरणाच्या पाण्याला लागून, असे फोटो रोज पडद्यावर येतात. जमिनीची गोष्ट मोठी आहे आणि तिला वेगळे प्रकरण लागेल. इथे तुलनेपुरते सांगतो. बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारे महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून आहे, आणि ज्या प्रकल्पांना नोंदणी लागते त्यांच्या जाहिरातीत ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. फसवणूक त्याने संपलेली नाही, पण ज्याला तपासायचे आहे त्याला तपासता येते. गुंठाभर जमिनीच्या जाहिरातीला जर पुरावा चिकटवता येतो, तर त्या गुंठ्यात पिकलेल्या तांदळाच्या पिशवीलाही चिकटवता येईल. गट क्रमांक तर तोच आहे.

दिवाळीच्या आगेमागे मावळात भात कापला जातो, झोडला जातो, आणि त्यानंतर नवा तांदूळ विकायला येऊ लागतो. या वर्षी मोबाइलवरून आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मागवणार असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला चार गोष्टी लिहून विचारा: गाव कोणते, वाण कोणते, कापणी कुठल्या सालची, आणि भरडला कुठल्या गिरणीत. नसरापूरच्या बाजारात बसलेली मावशी या चारही प्रश्नांची उत्तरे तराजू खाली ठेवायच्या आत देते. ज्याच्याकडून उत्तर येणार नाही, त्याची पिशवी घेऊ नका.